थ्री फेज

इकडं बसा पाव्हणं. खिडकीतल्या खुर्चीचा टेकू खचलाय.
मी मुंजाजी, कुरुंद्याचा. वसमत सबडिव्हिजनला
एकतीस वर्षं खांबावर होतो.
ही माझी सहावी पाळी. तुमची पहिली असंल,
फायलीचे कोपरे अजून ताठ आहेत.

एकच औषध का नाही, असं डोळ्यांनी विचारायलात.
मीही विचारलं होतं. डॉक्टरीणबाईनं कागदावर गोल काढले
आणि मला डीपी दिसली.
एका फेजवर पंप लावून बघा:
गुं गुं करतो, तापतो, पाणी काही फेकत नाही.
तीन फेज लागतात, आपापल्या वेळेला जोर करणाऱ्या.
एक औषध पेशीला आतून तोडतं,
दुसरं तिला एकाची दोन होताना मधीच धरतं,
एकाच्या हातून निसटली तर दुसऱ्याला सापडते.
आणि न्यूट्रल म्हणजे पाच दिवसांच्या गोळ्या,
सकाळीच घ्यायच्या, भाकरीवर.
रात्री घेतल्या तर गावातली कुत्री मोजत बसाल.

लाल इंजेक्शन सिस्टर हातानं ढकलते, सावकाश.
सुईपाशी आग झाली तर मर्दानगी दाखवू नका, लगेच बोला.
मी पहिल्या दिवशी दात खाऊन बसलो.
हा मनगटावरचा डाग त्याचाच.

घरी लघवी लाल होईल. रक्त नव्हे, रंग असतो तो.
आमची गयाबाई मोरीच्या दारात धरणी सोडून रडली होती,
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
पाणी पीत राहा, तुंबवू नका.
पाण्याला तांब्याची चव येईल.
मी दातानं तार सोलायचो ना, तीच.
येसरच्या आमटीलाही तीच. आठवडाभर.

आणि बोटं.
झिणझिण्या आल्या तवा वाटलं, जुना करंट परत यायला.
दोन पाळ्या लपवलं मी, औषध बंद करतील म्हणून.
बंद नाही केलं, मात्रा कमी केली, एवढंच.

दहाव्या दिवसाच्या आगंमागं अंगातला फ्यूज लई बारीक होतो.
थर्मामीटर उशाला ठेवा.
शंभराच्या वर चार रेघा दिसल्या की निघायचं,
रात्रीचे दोन असोत नाहीतर घरात लग्न असो.
गोळी गिळून सकाळची वाट बघायची नाही.
तिसऱ्या खुर्चीत लोह्याची कौसाबाई बसायची.
घरच्यांनी रातभर पट्ट्या ठेवल्या,
पहिल्या एसटीनं निघाले.
...
तिथं आता ते मास्तर बसतात.

वसमतचा म्हणून जो तो मला हळदीचा काढा सांगतो.
भाजीत असू द्या.
पुड्या, काढे बाईंना विचारल्याबिगर नाही.
लाईन बंद आहे म्हणून कुणी खालून वरडलं,
तेवढ्यावर चढलेली माणसं मी उतरवून घेतलीत.
परमिट लागतं, पाव्हणं.

बरा झालो का, म्हणता?
फोटो बुधवारी आहे. काखेतली गाठ हाताला लागत नाही,
पण हाताचं काय,
हाताला सदऱ्याची गुंडीसुद्धा लागत नाही.

हं. गेली लाईट.
बसून राहा, सुई हलवू नका. नांदेडात दुपारी जाते कधीकधी.
जनरेटर धरायला दहा मोजायचे, मोजा माझ्यासंगं.
एक. दोन.
वर बघा, नळीत. दिसायला का?
तीन.
थेंबाला लाईट लागत नाही.